आईच्या अंदाजाला माप कसं लावायचं: घरचा पदार्थ नीट लिहून ठेवण्याची पद्धत

"चवीपुरतं मीठ, लागेल तेवढं पाणी, जरासं तिखट आणि वाफ आली की बंद." घरातल्या कुठल्याही हातखंडा पदार्थाची कृती विचारा, उत्तर साधारण असंच येतं. सांगणारी व्यक्ती काही लपवत नसते. वर्षानुवर्षं हात जे आपोआप करतो ते शब्दांत सांगायची तिच्यावर कधी वेळच आलेली नसते. त्यामुळे फोनवर विचारून लिहिलेल्या कृती बहुतेकदा फसतात. शेजारी उभं राहून, बघून आणि तोलून लिहिलेल्या कृती मात्र पुढच्या पिढीच्या हातातही तशाच उतरतात. हे काम कसं करायचं ते इथे पायरीपायरीने लिहितो. पदार्थ करणारी व्यक्ती आई असेल, आजी असेल, काका किंवा आजोबाही असतील. सोयीसाठी पुढे सगळीकडे "आई" म्हणेन.

आधी पदार्थ निवडा

पहिल्याच झटक्यात सणासुदीचा अवघड पदार्थ घेऊ नका. घरात नेहमी होणारी साधी डाळ, एखादी रस्साभाजी, भात, रोजची कणीक यांपैकी एक घ्या. रोजचे पदार्थ सगळ्यात आधी विस्मरणात जातात, कारण ते लिहून ठेवण्यासारखे आहेत असं कुणालाच वाटत नाही. शिवाय हा पदार्थ पुढच्या आठवड्यात पुन्हा होणारच असतो. म्हणजे पहिल्या वेळी जे निसटेल ते दुसऱ्या वेळी पकडता येतं.

काय काय लागेल

एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा, मापाचे चमचे (छोटा ५ मिली, मोठा १५ मिली), मिलीच्या खुणा असलेलं भांडं, घड्याळ, वही. काटा नसेल तर तेवढा मात्र घ्याच. सगळ्या सामानात खरं काम तोच करतो.

घरातल्या वाटीचं माप एकदाच काढून ठेवा. रिकामी वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिली, त्यामुळे जो आकडा दिसेल ती वाटीची मिलीतली क्षमता. एकाच घरातल्या दोन वाट्यांतही मोठा फरक निघतो. आईची नेहमीची वाटी कोणती ते विचारून तिचाच आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तिचा नेहमीचा डाव, पळी, मिसळणाच्या डब्यातला चमचा यांचीही मापं अशीच काढा.

चमचा सपाट की शिगोशीग भरलेला, हेही लिहायला हवं. सपाट मापाचा आग्रह धरणारं फॅनी फार्मर यांचं पाककृतींचं पुस्तक १८९६ साली बॉस्टनमध्ये निघालं आणि त्यानंतर ही शिस्त छापील कृतींमध्ये रुळत गेली. घरातल्या वह्यांमध्ये ती अजूनही क्वचितच दिसते. पिठांच्या बाबतीत तर आकारमानाच्या मापावर विसंबूच नका. २४० मिलीच्या कपात मैदा चमच्याने हलकेच भरला तर साधारण १२० ग्रॅम बसतो, कप डब्यात खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. पीठ नेहमी वजनानेच लिहा.

हात न थांबवता तोलणं

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची युक्ती. आई डब्यात हात घालून मीठ घेते तेव्हा "थांब, मोजू दे" म्हणालात की तिचा अंदाज मोडतो. ती विचार करून मीठ घ्यायला लागते आणि रोजच्यापेक्षा वेगळं घेते. म्हणून तिच्या हातातलं काही मोजायचंच नाही. डबा मोजायचा.

स्वयंपाक सुरू होण्याआधी मिठाचा डबा, तेलाची बाटली, तिखटाचा डबा, पाण्याचा जग असं सगळं एकेक करून काट्यावर ठेवा आणि वजन टिपा. मग तिला नेहमीसारखं काम करू द्या. पदार्थ झाला की तेच डबे पुन्हा तोला. आधीच्या आणि नंतरच्या वजनातला फरक म्हणजे तिने वापरलेलं प्रमाण. तेलाची बाटली ८४२ ग्रॅमवरून ८०१ वर आली असेल तर ४१ ग्रॅम तेल गेलं. कुणाला विचारलं असतं तर "दोन पळ्या" हे उत्तर आलं असतं. जगातून ओतलेल्या आणि गरज नव्हती म्हणून परत ठेवलेल्या पाण्याचा हिशेबही असाच आपोआप लागतो.

चिमटीचं माप या पद्धतीने निघत नाही, कारण ते एक ग्रॅमच्याही खाली असतं. त्यासाठी एका वाटीत आईला दहा चिमटी मीठ टाकायला सांगा, तोला आणि दहाने भागा. मुठीसाठी तीन मुठी पुरतात. हे आकडे एकदा काढले की तिच्या सगळ्या पदार्थांना चालतात. प्रत्येकाची मूठ वेगळी, म्हणून दुसऱ्या कुणाच्या मुठीचा आकडा इथे वापरू नका.

"बोटाचं एक पेर पाणी" हे भाताचं माप तर जपून हाताळायला हवं. तांदळाच्या वर अडीच सेंटिमीटर पाणी धरलं, तर २० सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्यात ते साधारण ७८५ मिली होतं आणि १६ सेंटिमीटरच्या पातेल्यात ५०० मिली. पेर तेच, पाण्यात २८५ मिलीचा फरक. आईचा भात कधी चुकत नाही, कारण ती त्याच पातेल्यात तेवढाच तांदूळ घेते. तुम्ही तिचं पेर घेतलं पण पातेलं घेतलं नाही, तर भात गिच्च होणार किंवा कोरडा राहणार. म्हणून वहीत भांड्याचा व्यास, तळ जाड की पातळ आणि झाकण घट्ट बसतं का, एवढं नेहमी टिपा.

कोणते प्रश्न विचारायचे

"किती?" हा प्रश्न सोडून द्या, त्याचं उत्तर काटा देतो. आईकडून काढून घ्यायची गोष्ट वेगळी आहे: एखादी पायरी पूर्ण झाली हे तिला कशावरून कळतं? ती कढईत काही घालते तेव्हा विचारा, "आत्ताच का घातलंस? आधी का नाही?" गॅस कमी करते तेव्हा विचारा, "काय दिसलं?" ढवळणं थांबवते तेव्हा, वास घेते तेव्हा, डाव उलटा करून बघते तेव्हा विचारा. आणि शेवटी निवांत बसल्यावर: "पाणी जास्त झालं तर काय करतेस? टोमॅटो आंबट निघाले तर? उशीर झाला असेल तर कुठली पायरी गाळतेस, आणि कुठली कधीच गाळत नाहीस?" या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात त्या पदार्थाचा गाभा सापडतो.

व्हिडिओ काढायचा असेल तर कॅमेरा हातावर आणि कढईत रोखा, चेहऱ्यावर नको. आवाज मात्र चालू ठेवा. का ते आता सांगतो.

कांदा परतताना नक्की काय घडतं

घरच्या कृतींमध्ये सगळ्यात फसवी ओळ म्हणजे "कांदा लालसर होईपर्यंत परता, पाच मिनिटं". पाच मिनिटांत कांदा लाल होत नाही. कांद्यात जवळपास नव्वद टक्के पाणी असतं. तेलात पडल्यावर आधी ते पाणी बाहेर येऊन उडायला लागतं आणि जोवर पाणी आहे तोवर कांद्याचं तापमान १०० अंशांच्या आसपासच राहतं. कढईतून मोठा, ओलसर चुरचुर आवाज येतो, वाफ दिसते, कांदा पारदर्शक होतो. मध्यम आचेवर १५० ग्रॅम बारीक चिरलेल्या कांद्याला इथवर यायला सहा-सात मिनिटं जातात.

मग आवाज बदलतो. चुरचुर बारीक आणि कोरडी होते, वाफ विरते, कडांना पिवळसर रंग चढतो. पाणी संपत आल्याने तापमान आता चढू लागलेलं असतं. १४० अंशांच्या पुढे प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि साखर यांच्यात जोरदार क्रिया सुरू होते आणि तिच्यातून तो तपकिरी रंग आणि खमंग वास येतो. लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार क्रिया म्हणतात. मंद-मध्यम आचेवर गडद तपकिरी रंगापर्यंत पोहोचायला अर्धा तासही लागू शकतो. आणि शेवटची दोन-तीन मिनिटं सगळ्यात धोक्याची, कारण पाणी संपल्यावर सोनेरी ते करपलेला हा प्रवास फार झटपट होतो.

म्हणून वहीत असं लिहा: "कांदा मध्यम आचेवर परता. आधी पारदर्शक होईल, मग आवाज बारीक होईल, मग कडा सोनेरी दिसतील. सगळा कांदा बदामी झाला की पुढचं घाला. साधारण पंधरा मिनिटं." खूण आधी, वेळ नंतर. वेळ शेगडीनुसार, कढईनुसार बदलते. खूण बदलत नाही.

मसाल्याला "तेल सुटेपर्यंत परता" या सूचनेचं कारणही असंच आहे. टोमॅटो-कांद्याच्या वाटणात पाणी असतं तोवर तेल त्यात मिसळून राहतं. पाणी उडालं की ते वेगळं होऊन कडेला दिसायला लागतं. म्हणजे सुटलेलं तेल ही पाणी गेल्याची आणि कच्चा वास मरल्याची खूण. तेल कमी घातलं तर ही खूण दिसणारच नाही, मग मसाला कढईच्या तळापासून गोळा होऊन सुटतो का ते बघायचं.

मीठ

"चवीपुरतं" या शब्दाने नवशिक्यांची जितकी अडचण केली तितकी दुसऱ्या कुठल्याही शब्दाने केली नसेल. ज्याला चव कुठवर न्यायची तेच माहीत नाही त्याला हा शब्द काही सांगत नाही. सुरुवातीचा आकडा द्या: तयार पदार्थाच्या एकूण वजनाच्या १ टक्का मीठ. एक किलो रश्श्याला १० ग्रॅम. बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा साधारण ६ ग्रॅमचा असतो, म्हणजे दीड चमच्याहून थोडं जास्त. जाड मीठ त्याच चमच्यात वजनाने कमी बसतं, तेव्हा मीठ कोणतं तेही लिहा. बिनमिठाच्या भाताशी खायचा रस्सा थोडा चढा लागतो, नुसतं प्यायचं सूप थोडं उतरतं.

आईच्या डब्याच्या वजनातून निघालेला आकडा या १ टक्क्याशी ताडून पाहा. तिचं प्रमाण त्याच्या जवळपास सापडलं की तुमचं मोजमाप बरोबर आहे याची खात्री पटते. फार दूर निघालं तर एखाद्या मसाल्यात, वाटणात किंवा शिजवतानाच्या पाण्यात आधीच मीठ होतं का ते शोधा.

आंबट कधी घालायचं

डाळी-कडधान्यांच्या कृतीत हा क्रम नक्की नोंदवा. चिंच, टोमॅटो, लिंबू असं आंबट काहीही शिजायच्या आधी पडलं तर दाणे मऊ व्हायला फार वेळ लागतो, कारण आम्लामुळे दाण्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून राहतात. पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असेल, तरी तेच होतं. एका घरात पटकन शिजणारी डाळ दुसऱ्या घरात हट्टीपणा करते, त्यामागे पुष्कळदा पाणी असतं. फार जुनं कडधान्यही शिजत नाही. मिठाबद्दल मात्र उगाच भीती आहे: भिजवताना पाण्यात थोडं मीठ घातलं तर सालं उलट मऊ होतात.

कुकर वापरत असाल तर "तीन शिट्ट्या" लिहून थांबू नका. शिट्ट्यांमधलं अंतर आचेवर आणि कुकरवर अवलंबून असतं. "पहिली शिट्टी झाल्यावर मंद आचेवर आठ मिनिटं, वाफ आपोआप जिरू द्यावी" हे कुठल्याही स्वयंपाकघरात चालतं. समुद्रसपाटीपासून उंचावर राहणाऱ्या नातेवाइकांना ही कृती पाठवणार असाल तर आणखी एक ओळ जोडा. दर ३०० मीटर उंचीला पाणी साधारण एक अंश कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात शिजायला तिथे जास्त वेळ द्यावा लागतो.

लिहिलेली कृती कशी दिसावी

आईचं वाक्य असं: "डाळ शिजव, वरून फोडणी दे, लिंबू पिळ." त्याच डाळीची मोजून लिहिलेली कृती:

साधी मसुराची डाळ, चार जणांसाठी. भांडं: २० सेंटिमीटर व्यासाचं जाड बुडाचं पातेलं, छोटी कढई.

मसूर डाळ २०० ग्रॅम, पाणी ८०० मिली, हळद अर्धा छोटा चमचा, बारीक मीठ ९ ग्रॅम (दीड छोटा चमचा). फोडणीला तेल २ मोठे चमचे, जिरं १ छोटा चमचा, लसूण ४ पाकळ्या ठेचून, कांदा १५० ग्रॅम बारीक चिरून, लाल तिखट अर्धा छोटा चमचा. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस.

डाळ तीन-चार पाण्यांनी धुऊन घ्या. पाणी आणि हळद घालून उकळी आणा, फेस काढून टाका. आच मंद करून झाकण किंचित तिरकं ठेवा. दाणा बोटांत धरल्यावर सहज चुरडला जाईल आणि पाणी-डाळ वेगळी दिसणार नाही, तोवर शिजवा (वीस ते पंचवीस मिनिटं). मीठ घालून रवीने चार वळसे द्या. कढईत तेल तापवून जिरं टाका. ते तडतडून रंग बदललं की लसूण, लसणाच्या कडा सोनेरी झाल्या की कांदा. कांदा बदामी झाला की गॅस बंद करून तिखट टाका आणि लगेच फोडणी डाळीवर ओता. एक उकळी काढा, उतरवल्यावर लिंबू पिळा. डाळ ठेवल्यावर दाटते. पुन्हा गरम करताना अर्धी वाटी उकळतं पाणी लागतं.

यात साहित्य वापरण्याच्या क्रमानेच आलं आहे, आणि तिखट गॅस बंद केल्यावर का येतं हे करून बघणाऱ्याला कळेल: तापलेल्या तेलात ते काही सेकंदांत करपतं. आईच्या सवयीची शेवटची ओळ, डाळ ठेवल्यावर दाटते ही, कधीही गाळू नका.

पडताळा

कृती लिहून झाली की ती तुम्ही करा आणि आई बाजूला बसेल, पण बोलणार नाही. तिला जिथे बोलावंसं वाटेल तिथे तिने फक्त बोट वर करावं. ती प्रत्येक जागा म्हणजे वहीत राहिलेली एक सूचना. मग तीच कृती घरातल्या अशा कुणाला द्या ज्याने हा पदार्थ कधी केलेला नाही. त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न समासात लिहा. या दोन फेऱ्यांनंतर कृती पक्की होते.

चव जमली नाही तर एका वेळी एकच गोष्ट बदला. फिकं वाटलं तर आधी मीठ चिमूटभर वाढवा, मग आंबट, मग तेल-तूप. मसाला शेवटी. बहुतेकांचा हात आधी मसाल्याकडे जातो आणि पदार्थ आणखी बिघडतो.

प्रमाण वाढवताना

मीठ, डाळ, भाजी सरळ दुपटीने वाढतात. पाणी आणि वेळ तशी सरळ दुपटीने वाढत नाहीत. झाकण ठेवून शिजवलेला तांदूळ साधारण आपल्या मापाइतकंच पाणी पितो, बाकीचं वाफ होऊन जातं, आणि तेच पातेलं, तीच वेळ असेल तर वाफही तेवढीच होते. एका वाटीला दीड वाटी पाणी लागत असेल तर चार वाट्यांना सहा न घेता साडेचार-पाच घेऊन बघा. मिरचीचं तिखट आणि लवंग, दालचिनीसारखे तीव्र मसाले आधी दीडपट घाला, चाखा, मग वाढवा. कांदा दुप्पट केला तर कढईही रुंद घ्या, नाहीतर तो परतला न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडतो.

जुन्या सवयी तपासून घ्या

जुन्या कृतींमधल्या काही ओळी प्रेमापोटी तशाच उतरवू नयेत. "भात रात्रभर ओट्यावर राहू द्यावा" ही त्यातली एक. तांदळातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात वाढून विष तयार करतात. ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. तेलात बुडवून बाहेर ठेवलेला कच्चा लसूणही धोक्याचा, त्यात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. तो फ्रिजमध्ये ठेवा आणि काही दिवसांत संपवा.

करणारी व्यक्ती आता नसेल तर

तेव्हाही हे काम होतं, फक्त उलट्या दिशेने करावं लागतं. भावंडांना, आत्या-मावशांना, शेजाऱ्यांना वेगवेगळं गाठा. एकत्र बसवलंत तर जो ठामपणे बोलतो त्याची आठवण सगळ्यांची होऊन बसते. "काय घालायची?" हे शेवटी विचारा. आधी विचारा: रंग कसा होता? रस्सा ताटात पसरायचा की थांबायचा? तेल वर दिसायचं का? दुसऱ्या दिवशी चव कशी लागायची? ती कढई अजून आहे का? त्या दिवशी घरात आधी कसला वास यायचा? पहिला वास कांद्याचा होता की भाजलेल्या मसाल्याचा, एवढ्या एका उत्तरावरून कृतीचा क्रम कळतो. जुनी वही, कॅलेंडरमागची वाणसामानाची यादी, मसाल्याच्या रिकाम्या बरण्या, सगळं बघा.

मग त्या घराण्यातल्या सगळ्यात जवळच्या पदार्थापासून सुरुवात करा आणि दर खेपेला एकच बदल करून ज्यांना ती चव ठाऊक आहे त्यांना खाऊ घाला. "छान झालंय" हे उत्तर घेऊ नका. "तिच्यापेक्षा आंबट की गोड? दाट की पातळ? तिखट जिभेवर की घशात?" असं जोडीने विचारा. प्रत्येक खेपेचा कागद तारीख घालून ठेवा, कारण पाचव्या बदलापेक्षा तिसरा बरा होता असं लक्षात आलं की मागे जाता यायला हवं.

पक्की झालेली कृती शाईने कागदावर लिहा, तिचा फोटो घरातल्या सगळ्यांना पाठवा. आणि प्रत्येक पानाचा अर्धा समास कोरा सोडा, पुढे जो करेल त्याला आपले आकडे लिहायला जागा लागेल.